शाळेवरचा सिमेंटचा पत्रा: फडा उचलायच्या आधी हे वाचा

एकतीस वर्षं मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत प्रयोगशाळा परिचर होतो. नावाला प्रयोगशाळा. टेस्ट ट्यूब धुण्यापासून छतावर गेलेला बॉल काढण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. त्यामुळे त्या छताशी माझी जितकी ओळख, तितकी एकाही हेडमास्तरांची नव्हती. समोरची इमारत स्लॅबची. मागची सहा खोल्यांची ओळ मूळची कवेलूची. वानरांनी कवेलू काही टिकू दिले नाहीत, म्हणून कधीतरी त्यावर सिमेंटचे पत्रे चढले. मी नोकरीला लागलो तेव्हाच ते काळे पडले होते.

२००९ च्या जुलैत तिसऱ्या खोलीत पाणी गळायला लागलं. ठेकेदाराचा माणूस दोन नवे पत्रे घेऊन आला आणि व्हरांड्यातच कटर लावून मापात कापायला लागला. पांढरी भुकटी सगळ्या व्हरांड्यात. शेजारच्या खोलीत सहावीचा वर्ग चालू, खिडक्या उघड्या. हेडमास्तरांनी हटकलं तर तो म्हणे, "काऊन घाबरता सर, सिमेंटच तं आहे." संध्याकाळी ती भुकटी मी कोरड्या फड्याने झाडली. बाक झटकले, खिडकीच्या जाळ्या झटकल्या, मग शर्ट झटकला आणि घरी गेलो. तो शर्ट बायकोने हाताने धुतला.

त्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं, तेही विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलं म्हणून. त्यानंतर मिळेल ते वाचलं आणि जिथे विचारता येईल तिथे विचारलं. शाळेतले शिपाई, परिचर, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या जुन्या शाळांमध्ये असे पत्रे भरपूर आहेत, आणि ते हाताळणाऱ्या माणसाला कोणी काही सांगत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट. हे वाचून उद्या सब्बल घेऊन छतावर चढू नका. या पत्र्यात दहाएक टक्के ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट आणि राख. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. शाबूत पत्रा डोक्यावर आहे म्हणून पोरांच्या छातीत काही जात नाही. तो फुटला, कापला, भोकं पाडली, घासला, किंवा उन्हापावसाने वरचं सिमेंट धुऊन जाऊन तंतू उघडे पडले, की मग खेळ सुरू होतो. म्हणजे बहुतेक वेळा धोका आपल्याच हाताने तयार होतो.

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे, दगडातून निघतं. फरक एवढाच की ते तंतूंच्या रूपात असतं, आणि तो तंतू उभा चिरत चिरत इतका बारीक होतो की डोळ्यांना दिसत नाही. हवेत तासन् तास तरंगतो. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि शरीराला तो विरघळवता येत नाही. त्यातून फुप्फुसं कडक होण्याचा ॲस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी २ लाखांहून जास्त माणसं यामुळे जातात, मुख्यतः कामाच्या ठिकाणी हे हाताळलेली. वाईट भाग असा की आज धूळ घेतली तर आजार दिसायला २० ते ४० वर्षं लागू शकतात. माझ्यासारखा साठीचा माणूस कदाचित त्याआधीच दुसऱ्या कशाने जाईल. सहावीतल्या पोराकडे मात्र ती ४० वर्षं शिल्लक असतात. गोदामाच्या पत्र्यात आणि शाळेच्या पत्र्यात फरक आहे तो इथे.

आधी पत्रा ओळखा

टिनावर बोटाच्या पेराने टकटक केलं तर वाजतं, सिमेंटच्या पत्र्याचा आवाज ठस्स येतो. लाटालाटांचा करडा पत्रा, जाडी साधारण ६ मिलिमीटर, आणि कडेला किंवा खालच्या बाजूला आयएसआयच्या शिक्क्याजवळ ४५९ हा आकडा दिसला तर प्रश्नच मिटला. आयएस ४५९ हे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नागमोडी पत्र्यांचंच मानक आहे. शिक्का पुसला गेला असेल, बिलं सापडत नसतील, तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. बिनॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रेही बाजारात आहेत, पण नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. आपल्याकडे याच्या वापरावर बंदी नाही, त्यामुळे पत्रा नवा दिसतो म्हणून तो सुरक्षित, असंही नाही.

खात्री हवीच असेल तर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. नमुन्यासाठी चांगला पत्रा फोडू नका. आधीच तुटून पडलेला नखाएवढा तुकडा ओला करून दोन पिशव्यांमध्ये बंद करा, एवढा पुरतो. हे काम करणारी, एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेची प्रयोगशाळा कोणती, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सिव्हिल लाइन्समधल्या प्रादेशिक कार्यालयात विचारा. आपल्या शहरात नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आहे, खाणकामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था वाडीजवळ वर्षानुवर्षं होती. धूळ आणि खनिज कळणाऱ्या माणसांची नागपुरात कमी नाही. विचारायला जायची लाज आपल्यालाच वाटते.

छत बघून झालं की बाकीची शाळा बघा. पावसाच्या पाण्याचे जुने करडे पाइप, संडासातल्या सपाट आडभिंती, जुनी सिमेंटची टाकी, हॉलमधली फॉल्स सीलिंग. आणि माझ्याच कपाटातली गोष्ट: तिवईवर ठेवायच्या तारेच्या जाळ्या. मधोमध पांढरी गोल टिकली असते ना, जुन्या जाळ्यांमध्ये ती ॲस्बेस्टॉसची असायची. आता सिरॅमिकची येते. ती टिकली तडकून पोपडे सुटायला लागले की मी त्या जाळ्या ब्रशने घासून पुन्हा वापरात काढायचो. काटकसर म्हणून शाबासकीही मिळाली होती.

पण सगळ्यात वाईट जागा वर नसते, मागे असते. संडासामागे किंवा कंपाउंडला लागून फुटक्या पत्र्यांचा ढीग बहुतेक प्रत्येक जुन्या शाळेत सापडेल. आमच्याकडे तर पावसाळ्यात सायकल स्टँडजवळ चिखल व्हायचा, तिथे भर म्हणून ते तुकडे टाकले होते. वर्षभर दोनशे सायकली त्यावरून जायच्या. चक्कीत दळल्यासारखंच झालं ते. असा ढीग असेल तर सुरुवात तिथून करा: पाणी शिंपडा, जाड ताडपत्रीने झाका, कडेला विटा ठेवा, दोरी बांधून पोरांचा रस्ता बंद करा. उचलायचं नंतर बघू.

नजर ठेवायची कशी

महिन्यातून एकदा, जमिनीवरून. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलं तर पुष्कळ दिसतं. गारपीट झाली, वादळ झालं, किंवा वानरांची टोळी येऊन गेली, तर त्याच दिवशी. बघायचं काय? पत्रा धरून ठेवणाऱ्या आकड्याच्या (J) बोल्टच्या भोवती तडा गेलाय का. खालच्या कडेला कापसासारखी लव दिसते का. ती लव म्हणजे उघडे पडलेले तंतू. पन्हाळीत राखाडी गाळ साचलाय का. वर्गात वासे आणि पंख्याच्या पात्यांवर पांढरी भुकटी पडते का.

अमेरिकेत १९८६ साली शाळांसाठी वेगळा कायदाच झाला. तिथल्या शाळांमध्ये छतावर फवारलेलं भुसभुशीत ॲस्बेस्टॉस होतं, आपल्या पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सुटणारं. तरी त्यांची एक सवय उचलण्यासारखी आहे: दर सहा महिन्यांनी नजर फिरवायची, दर तीन वर्षांनी जाणकाराकडून तपासणी करायची, आणि सगळं लिहून शाळेत ठेवायचं. मी दोनशे पानी रजिस्टर केलं. खोलीला नंबर होतेच, पत्र्यांना डावीकडून उजवीकडे नंबर दिले. "खोली ३, पत्रा ७, बोल्टपासून वीतभर तडा" असं लिहायचं, तारीख टाकायची, फोटो चिकटवायचा. दोन वर्षांनी हेच रजिस्टर कामी आलं. ते पुढे सांगतो.

आता मनाई. पत्र्याला खिळा, स्क्रू, ड्रिल काही नाही. कूलरचा पाइप, १५ ऑगस्टच्या पताका, सीसीटीव्हीची वायर, कशासाठीही नाही. शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा जोराच्या पाण्याचा पंप नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळेच पत्र्यावर चुना मारतात. मारायला हरकत नाही, उलट रंगाचा थर तंतू धरूनच ठेवतो. पण चुन्याआधी रंगारी सवयीने पत्रा खरवडतो, ते करू देऊ नका. ओला करा आणि वरून तसाच मारा. पत्र्याखाली पालापाचोळा जाळू नका, पोषण आहाराची चूल तिथे मांडू नका. जास्त तापला की हा पत्रा फटाक्यासारखा तडकतो आणि तुकडे खाली उडतात.

आणि पत्र्यावर चढू नका. कर्करोगाला ३० वर्षं लागतात, पत्र्यातून खाली पडायला एक क्षण पुरतो. बाहेरून धडधाकट दिसणारा जुना पत्रा माणसाचं वजन घेत नाही. बॉलसाठी पोरं चढतात, म्हणून मी एक सोपा उपाय केला. ऑफिसात सहा रबरी बॉल आणून ठेवले. छतावर बॉल गेला की त्या बदल्यात ऑफिसातून दुसरा मिळणार, वर चढला तर महिनाभर क्रिकेट बंद. वर्षाला पाचशे रुपयेही लागले नाहीत. पोट्टे हुशार, काहींनी फाटके बॉल मुद्दाम वर फेकून नवे घेतले. घेऊ दिले.

पत्रा फुटला तर

पहिलं काम पंखा आणि कूलर बंद करणं. आपण उलट करतो, धूळ झाली की पंखा फास्ट करतो. मग पोरांना दप्तरं तिथेच ठेवून बाहेर काढा, दारंखिडक्या लावा, अर्धा तास तरी धूळ बसू द्या.

नंतर एकच माणूस आत जाईल. रुमाल किंवा कापडी मास्क यात काही कामाचा नाही; एफएफपी३ दर्जाचा मास्क पाहिजे, हनुवटीखाली घट्ट बसणारा. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घ्या, साबणाने पाणी तुकड्यात मुरतं. तुकडे, जमीन, बाक सगळं भिजेल असं हळू फवारा. मोठे तुकडे हाताने उचला, आणखी मोडू नका. बारीक कचरा ओल्या फडक्याने एकाच दिशेने पुसून घ्या, फडकं घडी करून फेकायचं, पिळून पुन्हा वापरायचं नाही. फडा नको, खराटा नको, घरचा व्हॅक्युम क्लीनर तर अजिबात नको. तो तंतू मागून बाहेर फेकतो. तुकडे, फडकी, मास्क हे सगळं जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांमध्ये, तोंड चिकटपट्टीने बंद, वर मोठ्या अक्षरात "ॲस्बेस्टॉस, उघडू नका". ही पिशवी घंटागाडीत टाकायची नाही. कुलपाच्या खोलीत ठेवायची.

कपडे झटकू नका. शाळेतच बदला, वेगळे भिजवा. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या बायका नुसते कपडे धुऊन आजारी पडल्याची उदाहरणं जगभरात नोंदलेली आहेत. हे वाचलं त्या दिवशी मी घरात कोणाशी बोललो नाही.

छताला पडलेलं भोक ताडपत्रीने झाका, आणि तो वर्ग हॉलमध्ये हलवा. केसासारखा तडा असेल, तुकडा सुटलेला नसेल, तर पत्रा न घासता, ओला पुसून, वरून सीलंट आणि रंग लावून काही काळ भागतं.

पत्रे काढायचे ठरले तर

मुलं नसताना काढायचे, हे पहिलं. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणून मेचा पहिला पंधरवडा धरा. काम सकाळी सहा ते दहा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की मजूर मास्क काढून फेकतो, आणि त्यात त्याची चूक नसते. ४५ अंशात तो मास्क लावून दाखवा म्हणावं. जून लागेपर्यंत लांबवलं तर पाऊस गाठतो आणि सगळे घाईला येतात. घाई आली की हातोडा आलाच.

ठेकेदाराशी तोंडी बोलू नका, कामाच्या आदेशात लिहा. कटर आणि हातोडा वापरायचा नाही. काढण्याआधी पत्रे दोन्ही बाजूंनी ओले करायचे. गंजलेले बोल्ट बोल्ट-कटरने तोडायचे, पत्रा फोडून मोकळा करायचा नाही. माणसांनी पत्र्यावर उभं न राहता फळ्यांवरून किंवा खालून मचाणावरून काम करायचं, कमरेला पट्टा. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या वर भरतो. दोघांनी धरून, दोरीने, अख्खा खाली उतरवायचा. वरून फेकला तर त्या दिवसाचे पैसे कापायचे. खाली प्लॅस्टिक अंथरून त्यातच गुंडाळायचा. शेवटी वासे, भिंती, जमीन ओल्या फडक्याने पुसून द्यायची.

मग पत्रे जातात कुठे? इथे सगळे घसरतात. ठेकेदार म्हणतो, "जुने पत्रे आम्हीच नेतो, वाहतुकीचे पैसे नका देऊ." ऐकायला बरं वाटतं. ते पत्रे दुसऱ्या कोणाच्या गोठ्यावर, झोपडीवर चढतात किंवा रिकाम्या प्लॉटवर पडतात. २०१६ च्या नियमांत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्याच्या यादीत आहे. बुटीबोरीला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आहे. तिथे पाठवण्याची रीत प्रदूषण मंडळाच्या कार्यालयातून समजून घ्या आणि माल पोहोचल्याची पावती मिळाल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा, नाही तर नंतर कोणीच देत नाही.

आमच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी एकदा घरासाठी चार जुने पत्रे मागितले होते. मीच ते ठेल्यावर चढवून दिले, दोन जागी भोक पाडून दोरीही ओवून दिली. तेव्हा ते पुण्याचं काम वाटलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी जाऊन सांगून आलो की पत्र्याला हात लावू नका, खालून रंग मारून घ्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, आता सांगता का?" काय उत्तर देणार.

नवीन काय टाकायचं? नुसता रंगीत टिनाचा पत्रा नागपुरात टाकू नका. एप्रिलमध्ये पोरं भाजून निघतात आणि पावसात मास्तरांचा आवाज ऐकू येत नाही. लोक सिमेंटच्या पत्र्याकडे वळले ते याच दोन कारणांनी. पैसा असेल तर स्लॅब, नसेल तर मधे फोम असलेलं पफ पॅनल. जुन्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकून देतो म्हणणारे भेटतील; त्यात जुन्याला शेकडो भोकं पडतात, त्यांना हात जोडा.

पैशांचं थोडक्यात. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांना ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे १० हजार ते १ लाखापर्यंत मिळतं. त्यात मास्क, प्लॅस्टिक, सीलंट, रंग बसतं, छत बसत नाही. अनुदानित शाळेला वेतनेतर अनुदानाचंही तसंच. छतासाठी आमदार निधी किंवा जिल्हा नियोजन समिती. आमचे आधीचे तीन अर्ज "छत जीर्ण झाले आहे, बदलून मिळावे" अशा एका ओळीचे होते, तिन्ही धूळ खात पडले. चौथ्या वेळी व्यवस्थापन समितीचा ठराव, रजिस्टरची झेरॉक्स, ४१ फोटो आणि पत्र्यावरच्या शिक्क्याचा एक मोठा फोटो जोडला. सहापैकी चार खोल्यांचं काम मंजूर झालं.

रजिस्टरमध्ये एक पान माणसांसाठी ठेवा: कोणी झाडलं, कोणी कापलं, कोणत्या दिवशी, किती वेळ. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. शाळेला तो आदेश लागू नाही, पण कारण तेच आहे: आजार येईल तेव्हा डॉक्टर विचारतील आणि माणसाला आठवणार नाही. माझं नाव मी स्वतःच पहिल्या ओळीत लिहिलं. छातीचा एक्स-रे काढला, स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, आज स्वच्छ आहे एवढंच यातून कळतं. आणि बिडी सोडा, कारण बिडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो. सोडली. जमलं कसं ते विचारू नका.

चार खोल्यांचे पत्रे बुटीबोरीला गेले त्यानंतर महिनाभराने प्रयोगशाळेच्या कपाटात मागे सरकलेल्या बावीस जुन्या जाळ्या सापडल्या. गाडी तर गेलेली. दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून, चिठ्ठी लावून वरच्या खणात ठेवल्या आणि किल्ली नवीन परिचराकडे दिली. तो दर दिवाळीला फोन करतो, "काका, ह्या जाळ्यांचं काय करू?" मी सांगतो, राहू दे कुलपात. उरलेल्या दोन खोल्यांचे पत्रे निघतील त्या गाडीत जातील.